मुदतीची हमी

पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जेथून एक वाट पश्चिमेस भोरकडे आणि दुसरी पूर्वेस सासवडकडे फुटते, ते कापूरहोळ हे गाव इतिहासाच्या वाचकास बहुधा एकाच कारणाने परिचित असते: १६५७ साली पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना आपले दूध पाजणारी धाराऊ गाडे ही याच गावची. प्रस्तुत लेखाचा विषय अगदी निराळा असला, तरी त्याचा आरंभ याच परिसरात, कापूरहोळहून भोरच्या वाटेवर लागणाऱ्या भाटघरच्या धरणापाशी करणे सोयीचे आहे. वेळवंडी नदी अडवून बांधलेल्या व १९२८ साली पुऱ्या झालेल्या या धरणाच्या सांडव्यावर ४५ दरवाजे असे आहेत की, ते उघडण्यासाठी कोणा चौकीदारास भर पावसात कंदील घेऊन धावावे लागत नाही. जलाशय पूर्ण पातळीस पोहोचला की ते आपोआप उघडतात आणि पाणी ओसरले की आपोआप मिटतात.

अशा दरवाजांची कल्पना त्या वेळी या प्रांतास नवी राहिली नव्हती. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून बाहेर पडून १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याच्या जलाशयावर, ज्यास तेव्हा लेक फाइफ म्हणत, १९०३ मध्ये आपल्या संकल्पनेचे स्वयंचलित दरवाजे बसविले, त्यांचे पेटंटही घेतले आणि सरकारी नोकर या नात्याने त्यावरील स्वामित्वधन घेण्याचे मात्र नाकारले. पाण्याच्या भाराने वजनांचा तोल ढळावा आणि त्या ढळण्यानेच दार उचलले जावे, एवढेच त्यातले मूळ तत्त्व.

या साध्या दिसणाऱ्या यंत्रात दोन गुण एकत्र नांदतात आणि पुढची सारी कथा त्या दोहोंभोवतीच फिरते. एक तर त्याचे काम कधी संपत नाही; हिशेब मांडला, उत्तर काढले आणि वही मिटली असा प्रकार तेथे नसून, भोवतालच्या सृष्टीने काही केले की आपणही काही करावयाचे, असा तो अखंड व्यवहार असतो. दुसरे असे की, उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते मुदतीत यावे लागते. पूर येऊन गेल्यावर तासाभराने उघडलेले दार, तांत्रिकदृष्ट्या कितीही निर्दोष रीतीने उघडले असले, तरी ते उघडलेच नाही असे समजावे. भाटघर-खडकवासल्याच्या दारांना या दोन्ही गोष्टींची हमी गुरुत्वाकर्षणाने दिली होती, आणि त्या जामीनदारावर कोणी आजवर संशय घेतलेला नाही. परंतु हीच जबाबदारी जेव्हा लोखंडी वजनांकडून संगणकाच्या प्रोग्रामकडे सोपविण्यात आली, तेव्हा हमी कोणी द्यावयाची हा प्रश्न उभा राहिला. तो कसा व कोणत्या क्रमाने सुटत गेला, आणि त्यात मुंबई-पुण्याच्या मंडळींचा वाटा कोणता, ही हकीकत सर्वसामान्य वाचकांपुढे क्वचितच मांडली गेली आहे.

होमी भाभांनी १९४५ साली स्थापिलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ हा संगणक चालू झाला, तेव्हा त्याचे काम शास्त्रज्ञांची गणिते सोडविण्याचे होते. गणित उशिरा सुटले तर शास्त्रज्ञ चहा घेऊन येई, याहून अधिक अनर्थ त्यात नव्हता. १९६२ च्या चीन युद्धाने देशाच्या हवाई संरक्षणाची जी लक्तरे उघडी पाडली, त्यांतून मात्र निराळी गरज निर्माण झाली, आणि रडारकडून येणारी माहिती येताक्षणी हाताळणारा ‘ओल्डॅप’ नावाचा संगणक याच संस्थेत घडविला गेला. शत्रूच्या विमानाची जागा दहा सेकंद उशिरा सांगणारे यंत्र जुनी बातमी सांगत असते. त्याच सुमारास, १९६९ मध्ये, तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली. रडार आणि अणुभट्टी, दोन्ही ठिकाणी मुदत चुकणे म्हणजे उत्तर चुकणे, हे मुंबईच्या अभियंत्यांना पुस्तकांतून शिकावे लागले नाही.

तरीही त्या काळच्या संगणकशास्त्रात काळाला स्थान नव्हते, ही गोष्ट आज विलक्षण वाटते. प्रोग्राम म्हणजे प्रविष्टीकडून निष्पत्तीकडे नेणारी रीत. ती किती वेळात नेते हा प्रश्न यंत्राचा, रीतीचा नव्हे, असा सर्वमान्य समज होता आणि भाषांचे व्याकरणही त्याच समजुतीवर रचले गेले होते. वेळेचा बंदोबस्त करावयाचा तो प्रोग्रामच्या बाहेरून, अंदाजाने, फार तर यंत्र चालवून व घड्याळ लावून. हा बाहेर ठेवलेला काळ टप्प्याटप्प्याने प्रोग्रामच्या अर्थात कसा शिरला, यातच या इतिहासाचे सूत्र आहे असे मला वाटते.

पहिले पाऊल अंकगणिताने टाकले. एकाच संगणकावर अनेक कामे ठराविक अंतराने पुनःपुन्हा यावयाची असतील, तर ज्याचा फेरा लवकर येतो त्यास अग्रमान द्यावा, आणि एकूण भार एका विशिष्ट मर्यादेखाली राखावा, म्हणजे कोणाचीही मुदत चुकणार नाही, असा सिद्धान्त एमआयटीचे लिऊ आणि जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेचे लेलँड यांनी १९७३ साली सिद्ध केला. तीन कामे असतील तर ही मर्यादा सुमारे ७८ टक्के, आणि कामे वाढत गेली की ती ६९ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. सिद्धान्त सुंदर होता, पण कंजूष होता. मर्यादेपलीकडे भार गेला की तो ‘चुकेल’ असे न म्हणता ‘सांगता येत नाही’ असे म्हणून हात झटकीत असे.

याच दशकात मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, दुसऱ्या बाजूने एक प्रयत्न चालला होता, आणि त्यासाठी टाइप या कल्पनेकडे थोडे वळणे भाग आहे. तिचा उगम संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. संचांच्या सिद्धान्तात सापडलेल्या विरोधाभासातून सुटण्यासाठी बर्ट्रांड रसेलने शतकाच्या आरंभी असे सुचविले की, वस्तूंच्या पायऱ्या ठरवाव्यात आणि कोणत्या पायरीच्या वस्तूविषयी काय बोलता येते यास नियम घालावेत, म्हणजे निरर्थक विधान करताच येणार नाही. १९४० साली अलोन्झो चर्चने त्यास आटोपशीर गणिती रूप दिले. संगणकाच्या भाषांनी ही युक्ती उचलली ती अगदी व्यावहारिक हेतूने: आकड्यात नाव मिळवू नये, तारखेचा भागाकार करू नये, आणि असे कोणी लिहिलेच तर यंत्र चालू होण्यापूर्वी कम्पायलरने, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनाने, तो कागद परत करावा. भोरच्या पंतसचिवांच्या घराण्याकडे जे पद पिढ्यान्‌पिढ्या चालत आले, त्या सचिवपदाचे शिवकालातील मूळ काम नेमके हेच होते. राजपत्र रवाना होण्यापूर्वी त्यातील मजकूर तपासावा, अधिक-उणे शुद्ध करावे आणि मग त्यावर चिन्ह करावे. मोहीम शहाणपणाची की वेडेपणाची हे पाहणे सचिवाचे काम नव्हे, पण चिन्हावाचून पत्र दफ्तराबाहेर जाणार नाही. टाइपची तपासणीही हेतूविषयी मौन बाळगते. मात्र तिच्या कक्षेत जे येते त्याविषयी तिचा शब्द अखेरचा असतो, आणि तो प्रोग्राम एकदाही चालवून न पाहता दिलेला असतो.

रॉबिन मिल्नरने १९७८ मध्ये हे तत्त्व प्रमेयाच्या रूपाने सिद्ध केले: टाइपच्या तपासणीतून पार पडलेला प्रोग्राम त्या विशिष्ट अर्थाने कधी बिघडणार नाही. त्याच्या आधीच हास्केल करी व विल्यम हॉवर्ड यांच्या ध्यानी याहून खोल एक गोष्ट आली होती. टाइप म्हणजे तर्कशास्त्रातील विधान आणि त्या टाइपचा प्रोग्राम म्हणजे त्या विधानाची सिद्धता, असा हा संबंध हॉवर्डने १९६९ च्या एका टिपणात मांडला. तो पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

निकलाउस विर्थची पास्कल ही टाइपविषयी कडक शिस्तीची भाषा १९७० सालची. तिचा जो कम्पायलर झुरिचहून जगभर पसरला, त्याच्या टिपणांवरील लेखकांत केशव नोरी हे एक नाव आहे. हे नोरी पुढे पुण्याच्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात आले. मुंबईत मथाई जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पास्कलवरून बेतलेली ‘सीसीएन-पास्कल’ ही भाषा तयार केली. एकाच वेळी चालणाऱ्या अनेक प्रक्रियांनी एकमेकींच्या पायांत पाय घालू नयेत अशी शिस्त भाषेतच असावी, हा तिचा हेतू. आणि तिच्यात लिहिलेल्या बहुप्रक्रियक कार्यप्रणालीवरचा जोसेफ, प्रसाद व नटराजन यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. परदेशी संगणक विकत घेण्यास परकीय चलनाची परवानगी मिळवताना ज्या देशात वर्षे जात, तेथे संपूर्ण कार्यप्रणाली टाइपबद्ध भाषेत लिहून काढणे यास मी धाडस म्हणेन. पण या भाषेतही काळ नव्हता. कोणी कोणास हात लावावा हे ती सांगे. कधी, हे तिला सांगता येत नसे.

मध्यंतरी इस्रायलमध्ये तर्कशास्त्राकडून एक नवी वाट निघाली होती. अमीर प्नुएली यांनी १९७७ मध्ये असे सुचविले की, ‘नेहमी’, ‘कधीतरी’, ‘पुढच्या क्षणी’, ‘अमुक होईपर्यंत’ या शब्दांचे जे कालसापेक्ष तर्कशास्त्र तत्त्वज्ञ मंडळी चर्चेपुरते वापरीत, तेच कधी न संपणाऱ्या प्रोग्रामविषयी बोलण्याची खरी भाषा आहे. १९८५ साली त्यांनी डेव्हिड हॅरेल यांच्यासमवेत अशा प्रोग्रामांना ‘प्रतिसादी’ असे स्वतंत्र नाव देऊन त्यांचा वर्गच निराळा काढला. प्नुएलींना या कामासाठी पुढे १९९६ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

आणि १९८६ साली ‘कॉम्प्युटर जर्नल’ या ब्रिटिश नियतकालिकात सहा पानांचा एक निबंध आला. लेखक दोन: मथाई जोसेफ, जे नुकतेच मुंबई सोडून वॉरिक विद्यापीठात गेले होते, आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे परितोष पंड्या. लिऊ-लेलँड यांचा सिद्धान्त जेथे हात झटकीत होता, तेथे या दोघांनी सरळ विचारले की, प्रत्येक कामास वाईटात वाईट परिस्थितीत उत्तर देण्यास नेमका किती वेळ लागेल तो काढूनच का दाखवू नये?

त्यांची रीत कोणाही वाचकास कागद-पेन्सिलीने करून पाहण्यासारखी आहे. समजा, एका मोटारीच्या संगणकावर तीन कामे आहेत. पहिले, चाकाची गती वाचण्याचे, दर ४ मिलिसेकंदांनी येते व १ मिलिसेकंद घेते. दुसरे, ब्रेकचा दाब ठरविण्याचे, दर ६ नी येते व २ घेते. तिसरे, चालकापुढील फलकावरील आकडे बदलण्याचे, दर १२ नी येते व ३ घेते. (आकडे माझे कल्पित आहेत.) अग्रमान याच क्रमाने. एकूण भार ८३ टक्के, म्हणजे ७८ च्या मर्यादेपलीकडे. जुना सिद्धान्त येथे काहीच बोलत नाही. आता तिसऱ्या कामाचा हिशेब मांडू. त्याचे स्वतःचे ३, आणि त्याआधी वरिष्ठांचा एकेक फेरा उरकला पाहिजे म्हणून १ व २, मिळून ६. पण ६ मिलिसेकंदांच्या अवधीत पहिले काम दोनदा हजर होते, म्हणून ७. सातात दुसरेही दुसऱ्यांदा येते, म्हणून ९. नवात पहिले तिसऱ्यांदा येते, म्हणून १०. दहाच्या आत नवे कोणी येत नाही, आकडा हलेनासा होतो आणि तेथे थांबावयाचे. मुदत १२ ची, उत्तर १० त, हमी पक्की. जो भार जुन्या रीतीने संशयास्पद ठरला असता, तो निर्धोक असल्याची सिद्धता चार ओळींत निघते.

यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभी ही रीत वाढविली. एखादे कनिष्ठ काम सामायिक साधन अडवून बसले तर काय, मुदत फेऱ्याहून मोठी असेल तर काय, असल्या व्यवहारातल्या अडचणी तिने पचविल्या आणि आज रिअल-टाइम यंत्रणांच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती आहे. पाठ्यपुस्तके बहुधा सूत्र देतात, गाव देत नाहीत. त्यामुळे या सूत्राचा एक पाय मुंबईत आहे हे आपल्याकडील विद्यार्थ्यांस सहसा ठाऊक नसते.

पंड्यांचा पुढचा प्रवास अंकगणिताकडून तर्काकडे झाला. झोउ चाओचेन, टोनी होअर आणि आन्देर्स राव्न यांनी १९९१ मध्ये ‘कालावधींचे कलन’ मांडले. त्यातले आद्य उदाहरण गॅसच्या ज्वालकाचे आहे: ज्योत नसताना वायू गळत राहिला तर स्फोट व्हावयाचा, म्हणून एक मिनिट वा अधिक अशा कोणत्याही अवधीत गळतीचा एकूण काळ त्या अवधीच्या विसाव्या हिश्शाहून जास्त होता कामा नये. ‘नेहमी’ आणि ‘कधीतरी’ एवढ्यावर न भागता ‘एकंदर किती वेळ’ हे तर्काच्या भाषेत म्हणता येऊ लागले. या कलनातील विधाने यंत्राकडून तपासून घेण्याचे ‘डीसी-व्हॅलिड’ हे साधन पंड्यांनी कुलाब्यात घडविले.

हे सारे विद्वानांचे लेणे वाटू नये यासाठी त्याच दशकातील दोन दुर्घटनांचा निर्देश आवश्यक आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरबस्तानातील धाहरान येथे पॅट्रियट या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने येणारे इराकी क्षेपणास्त्र अडविले नाही व २८ अमेरिकन सैनिक ठार झाले. यंत्रणा सेकंदाच्या दशांशांनी काळ मोजी. एक-दशांश हा अंक द्विमान पद्धतीत कधीच पुरा होत नाही, तो २४ बिटांत तोडून ठेवलेला होता, आणि यंत्रणा अखंड शंभर तास चालू राहिल्याने ती तोड साचत साचत सेकंदाच्या तृतीयांशाएवढी झाली होती. तेवढ्या वेळात ते क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. दुसरी घटना ४ जून १९९६ ची. एरियान-५ हे युरोपीय रॉकेट उड्डाणानंतर मिनिटाच्या आतच आकाशात फुटले, कारण ६४ बिटांचा अपूर्णांक १६ बिटांच्या पूर्णांकात बसविण्याचा यत्न झाला व तो बसला नाही. तो प्रोग्राम अडा या टाइपबाबत अत्यंत कडक समजल्या जाणाऱ्या भाषेत होता, हा त्यातला बोचणारा भाग. दोन्ही ठिकाणी दोष आकड्याच्या टाइपशी निगडित होता. प्रचलित टाइप ‘हा आकडा आहे’ एवढेच सांगत. तो किती मोठा होऊ शकतो, किती वेळ खरा राहतो, हे त्यांच्या शब्दकोशातच नव्हते.

फ्रान्समध्ये मात्र काळाला भाषेच्या व्याकरणात घेण्याचे काम ऐंशीच्या दशकातच सुरू झाले होते. जेरार बेरी यांच्या एस्टेरेल या भाषेने, आणि ग्रेनोब्लच्या पॉल कास्पी व निकोला आल्बवाक्स यांच्या लुस्त्र या भाषेने, ‘समकालिक’ म्हटली जाणारी एक सोज्ज्वळ कल्पना स्वीकारली: काळ हा अखंड प्रवाह न मानता क्षणांची माळ मानावी, प्रत्येक क्षणी भोवतालचे वाचावे, त्याच क्षणी उत्तर द्यावे, आणि उत्तरास लागणारा वेळ तात्त्विकदृष्ट्या शून्य समजावा. लुस्त्रमध्ये कोणतीही राशी म्हणजे मूल्यांचा अनंत प्रवाह, आणि प्रत्येक प्रवाहास स्वतःचे घड्याळ. एक प्रवाह दर क्षणी येणारा आणि दुसरा एकाआड एक क्षणी येणारा असेल, तर त्यांची बेरीज कम्पायलर नामंजूर करतो. लुस्त्रवरून निघालेली साधने फ्रान्सच्या अणुवीजकेंद्रांत व एअरबसच्या विमानांत गेली.

या फ्रेंच घराण्याशी मुंबईचा संबंध प्रत्यक्ष आहे. टाटा संस्थेचे आर. के. श्यामसुंदर व आयआयटी मुंबईचे एस. रमेश यांनी बेरी यांच्याबरोबर १९९३ मध्ये ‘संवादी प्रतिसादी प्रक्रिया’ मांडल्या. एका ठिकाणच्या यंत्रात सर्वांचे क्षण एकच मानणे ठीक. पण यंत्रे दूरदूर असतील, तर प्रत्येकाचा क्षण वेगळा. आत समकालिक आणि बाहेर असमकालिक, अशी सांगड या त्रयीने घातली. १९९९ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्रातील ए. के. भट्टाचार्जी व एस. डी. धोडपकर यांनी श्यामसुंदर आणि संजित शेषिया यांच्यासह हॅरेल यांच्या स्टेटचार्ट या आकृतींचे एस्टेरेलमध्ये रूपांतर करण्याची रीत दिली. म्हणजे अभियंत्याने ओळखीच्या आकृतीत यंत्रणा रेखाटावी आणि तिची पडताळणी सिद्धतेच्या पातळीवर व्हावी. अणुभट्टीच्या नियंत्रणासाठी सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामांचीही सिद्धतेने तपासणी करण्याचे साधन त्याच केंद्रात झाले. ट्रॉम्बेच्या या केंद्रातील मंडळींना हे तत्त्वचिंतनाच्या हौसेने करावे लागले नाही: १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अणुक्षेत्रातील विदेशी पुरवठा आटला, नियंत्रणाची उपकरणे घरीच बनवावी लागली, आणि घरी बनविलेल्या वस्तूची हमीही घरच्यांनीच द्यावयाची असते.

आता टाइपच्या कथेचा शेवटचा अंक. लुस्त्रमधील घड्याळांची तपासणी ही खरे पाहता टाइपचीच तपासणी आहे, हे कास्पी व मार्क पूझे यांनी १९९६ पासूनच्या कामात, आणि पूझे व जाँ-लुई कोलासो यांनी २००३ मध्ये दाखवून दिले. मिल्नरची रीत घड्याळांना जशीच्या तशी लागू पडली. त्याच १९९६ मध्ये जॉन ह्यूज, लार्स पारेतो आणि अमर साब्री यांनी प्रतिसादी प्रोग्रामांच्या शुद्धतेची सिद्धता ‘परिमाणयुक्त’ टाइपांनी देता येते हे मांडले. त्यांच्या पद्धतीत प्रवाहाच्या टाइपमध्येच त्यातून निदान किती मूल्ये निश्चित निघतील याचा आकडा असतो. एखादी व्याख्या स्वतःचाच आधार घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यास तो आकडा निदान एकाने वाढतो हे कम्पायलरला पटले पाहिजे. नाहीतर तो प्रोग्राम एखाद्या क्षणी उत्तराविना अडकून बसू शकतो, आणि तसा संशय असलेला प्रोग्राम मंजूरच होत नाही.

१९९७ मध्ये कोनल एलियट व पॉल हुडाक यांनी काळानुसार बदलणाऱ्या मूल्यांवर प्रोग्राम लिहिण्याची मोहक शैली आणली, पण तिच्यात स्मृतीची गळती होई: भूतकाळातील मूल्ये कोणी मागेल या भीतीने साठत राहत आणि यंत्र हळूहळू मंदावे. या दोषाशी पुढची वीस वर्षे झुंज चालली. हिरोशी नाकानो यांनी २००० साली ‘पुढच्या क्षणी मिळणारे’ असा टाइप काढला, म्हणजे उद्याची वस्तू आज वापरण्याचा यत्न व्याकरणदोष ठरला. २०१२ मध्ये ॲलन जेफ्री यांनी, आणि त्यांच्यापासून स्वतंत्रपणे वोल्फगांग येल्च यांनी, एक फार सुरेख गोष्ट उघड केली: प्नुएलींच्या १९७७ च्या तर्कशास्त्रातील विधान हाच प्रतिसादी प्रोग्रामचा टाइप, आणि प्रोग्राम हीच त्याची सिद्धता. चार दशकांपूर्वी हॉवर्डच्या टिपणात असलेला संबंध काळासह पुरा झाला. २०१३ मध्ये नील कृष्णस्वामी यांनी, आणि २०१९ मध्ये कोपनहेगनच्या पॅट्रिक बार व सहकाऱ्यांनी, टाइपची तपासणी पार पडलेला प्रोग्राम भूतकाळाचा असा साठा करणारच नाही, हे सिद्ध केले. मिशिगन विद्यापीठात २०२४ पर्यंत मजल याच्याही पुढे गेली: समकालिक भाषेच्या टाइपमध्ये ‘हे मूल्य नेहमी अमुक मर्यादेत राहील’ अशी अट लिहावी आणि कम्पायलरने तिची सिद्धता स्वतःच शोधावी.

परिणामांचे मोजमाप करताना दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत. व्यवहारात टाइपची ही उच्च विद्या अजून पोहोचलेली नाही. मोटारींच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ २६२६२ या २०११ च्या मानकात टाइपची कडक शिस्त राखावी असा आग्रह सर्व पातळ्यांवर आहे खरा, पण कापूरहोळच्या चौकातून दिवसभर जाणाऱ्या गाड्यांतील बहुसंख्य प्रोग्राम आजही सी भाषेत आहेत आणि त्यांची तपासणी लिहून झाल्यावर, बाहेरूनच, होते. या बाहेरच्या तपासणीत पुण्याचे काम मोठे आहे. १९८१ साली स्थापन झालेले टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र, जेथे वॉरिकहून परतलेले मथाई जोसेफ प्रमुख झाले, तेथे एम्बेडेड प्रोग्रामांतील दोष हुडकणारी साधने तयार झाली, आणि तेथीलच ‘व्हेरिॲब्स’ हे साधन प्रोग्राम-पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २०२० मध्ये आपल्या विभागात पहिले आले. टाइपशास्त्राचा नवा प्रवाह मात्र प्रामुख्याने युरोप-अमेरिकेत वाहिला. मुंबईने अंकगणित, तर्क व समकालिक भाषा या तिन्हींत भर घातली, पण सीसीएन-पास्कलपासून सुरू झालेला भाषा घडविण्याचा धागा आपण पुढे ओढला नाही, असे माझे मत आहे. त्याची कारणे बुद्धीत नसून बाजारात आहेत. परदेशी गिऱ्हाइकाने लिहिलेला प्रोग्राम तपासून देण्यास पैसे मिळतात. त्याने प्रोग्राम कोणत्या भाषेत लिहावा हे सांगणाऱ्यास कोणी विचारीत नाही.

दुसरी गोष्ट तात्त्विक आहे व ती अधिक महत्त्वाची. टाइप ज्या काळाची हमी देतात, तो क्षणांचा काळ आहे. प्रत्येक क्षणाचे काम संपेल, भूतकाळ साठणार नाही, उद्याचे आज मागितले जाणार नाही, हे त्यांना सांगता येते. तो एक क्षण अमुक चिपवर, इतर कामांची गर्दी असताना, किती मिलिसेकंदांचा होईल, हे त्यांपैकी कोणत्याही टाइपमध्ये लिहिलेले नसते. प्रत्येक कामाचा वाईटात वाईट अवधी निराळा काढावा लागतो, कामांचे अग्रमान मांडावे लागतात, आणि मग वाढत्या आकड्यांची ती बेरीज, तो हलेनासा होईपर्यंत, करावी लागते. कॉम्प्युटर जर्नलमधील ती सहा पाने त्यामुळे अजून जुनी झालेली नाहीत.